वाटीखालचं काळं

"बघा काका, किती उष्णता निघाली तुमची!" असं म्हणत आशाबाईनं श्रीनिवासरावांचा उजवा पाय घोट्याला धरून उचलला आणि तळवा त्यांना दिसावा म्हणून जरा तिरका केला. टाचेपासून बोटांपर्यंत सगळा तळवा काळा झाला होता, तव्याच्या बुडासारखा. पलीकडच्या खुर्च्यांवरची माणसं कौतुकानं वाकून बघायला लागली, कोणीतरी 'बाप रे' म्हणालं. श्रीनिवासरावांनी पाय ओढून घेतला. इतक्या झटक्यानं ओढला की फिरत्या थाळीला टाच लागली आणि तेलाचे चार थेंब आशाबाईच्या हिरव्या कोटावर उडाले. "दुखलं का काय?" तिनं विचारलं. ते नाही म्हणाले. दुखलं नव्हतंच. पण ते वाक्य त्यांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा. फक्त 'काका'च्या जागी तेव्हा 'अंबिका' होतं, आणि 'बघा', 'तुमची'च्या जागी 'बघ', 'तुझी'. दोन वर्षं ते वाक्य त्यांनी जिभेवर येऊ दिलं नव्हतं, आणि आता गारखेड्यातल्या एका पहिल्या मजल्यावर, बासरीची टेप चालू असताना, एका परक्या बाईनं ते सगळ्यांसमोर हसत हसत म्हणून टाकलं.

समोरच्या सोफ्यावर कालिंदी बसली होती. त्यांची एकुलती एक लेक. मोबाइलवर ऑफिसचं काहीतरी बघत होती. आवाजानं तिनं मान वर केली, बापाचा काळा तळवा बघितला आणि समाधानानं हसली. तिनंच त्यांना आणलं होतं. बजाजनगरहून स्कूटी काढून आधी सिडकोत आली, त्यांना मागं बसवलं आणि इथं आणून सोडलं. तुम्हाला झोप लागत नाही, पाय सुजतात, डोळे बघा कसे झालेत, काशाच्या थाळीनं झोप लागते म्हणतात, माझ्या ऑफिसातले सगळे जाऊन आलेत, चला. ते नको नको म्हणत राहिले, पण नको का, ते सांगता येईना. सांगता आलं असतं तर दोन वर्षांपूर्वीच सांगितलं असतं. आठ खुर्च्या ओळीनं, प्रत्येक खुर्चीपुढं एक लाकडी खोकं, खोक्यावर काशाच्या थाळ्या, त्यांवर पाय ठेवायचे आणि आशाबाईनं तेल लावून बटण दाबायचं. आठ मशिनींचा मिळून लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा आवाज येत होता. भिंतीवर पाटी होती, आणि पाटीवर पादाभ्यंगानं काय काय बरं होतं त्याची यादी. झोप, डोळे, वात, केस गळणं. त्या यादीत मधुमेहही होता. तो शब्द वाचून श्रीनिवासरावांनी मान वळवली होती.

"पुन्हा ठेवा पाय. दहा मिनिटं राहिलीत," आशाबाई म्हणाली. पंचेचाळिशीची, दणकट, हातांची बोटं जाड. कोटावर सेंटरचं नाव, पण आतलं लुगडं घरचंच. मघाशी तेल लावताना तिनंच सांगितलं होतं, की पंधरा वर्षं बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करत घरोघर हिंडली. आता बाळंतिणी मालिश करून घेत नाहीत, म्हणून इथं. "हातानं तास तास रगडायचे मी. आता बटण दाबायलेय." एवढं बोलून तिनं स्वतःच्या हातांकडं असं बघितलं होतं, की जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. श्रीनिवासरावांनी पाय पुन्हा थाळीवर ठेवले. थाळी फिरू लागली. बरं वाटत होतं, हीच तर चीड होती. तळव्याला काय कळतं; त्याला ना लाज ना आठवण. गार, गुळगुळीत काशाचा एक एक फेरा अंगात वर चढत होता, पोटऱ्या सैल पडत होत्या, आणि ज्या माणसाला अशा वेळी डोळे मिटू नये असं वाटत होतं त्याचे डोळे मिटत होते.

अंबिकेची वाटी लहान होती, मुठीत मावणारी, बुडाला खोल. लग्नात माहेरून आलेली. तिचं माहेर लासूर स्टेशनचं. निजामाच्या राज्यातल्या पोलीस ॲक्शननंतर परगावी पांगलेली माणसं रेल्वेनं आपापल्या गावी परतत होती, तेव्हा तिची आजी स्टेशनापासच्या घराच्या ओट्यावर बसून चालून चालून फुटलेले पाय याच वाटीनं चोळायची म्हणे; जात विचारायची नाही, नाव विचारायची नाही. अंबिका हे अभिमानानं सांगायची. पण तिच्या वाट्याला एवढी मोठी कामगिरी कुठली यायला! तिच्या वाट्याला बांधकाम खात्यातल्या एका आवक-जावक कारकुनाचे दोन पाय आले. चौतीस वर्षं. रोज दिवेलागणीला, चहा झाला की ती पाटावर बसायची, त्यांचा पाय मांडीवर घ्यायची, बोटभर तूप चोळायची आणि वाटी फिरवायची. खसखस असा आवाज यायचा. ते पेपर वाचायचे. कधी तिच्याकडं बघायचे नाहीत असं नाही, पण पेपर मध्ये असायचा. तळवा काळा झाला की ती जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसून तो तुकडा उजेडात धरायची. "आज साहेबांशी वाजलं वाटतं. लई उष्णता निघालीय." आणि ते खरं असायचं! ज्या दिवशी ऑफिसात भांडण, त्या दिवशी तळवा कोळसा. रजेच्या दिवशी नुसता करडा. तीन दशकं त्यांना त्याचं नवल वाटत आलं. आपल्या डोक्यातलं सगळं तळव्यातून उतरतं आणि ही बाई ते फडक्यावर वाचते, असं त्यांनी मित्रांनाही सांगितलं होतं.

"सगळ्यांचंच काळं निघतं का हो?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं. आशाबाईनं इकडंतिकडं बघितलं. मालक काउंटरवर फोनवर होता. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "काका, तुम्ही शिकलेले माणसं, तुम्हाला कशाला फसवू. काशावर तेल घासलं की काळं येतंच. पायाचं नाय ते, थाळीचंच हाय. जितकं जास्ती घासाल तितकं काळं. हे बघा." तिनं आपले तळहात पुढं केले. ते काळे होते. थाळ्या पुसून पुसून. "मालक म्हणतो, उष्णता म्हणायचं. मग म्हणते. गिऱ्हाइकाला बरं वाटतं." ती पुढच्या खुर्चीकडं गेली आणि श्रीनिवासराव तसेच बसून राहिले. जितकं जास्ती घासाल तितकं काळं. म्हणजे ज्या दिवशी ते चिडून, दार आपटून, ताट सरकवून घरात बसायचे, त्या दिवशी अंबिका जास्त वेळ घासायची. एवढंच. उष्णता बिष्णता काही नव्हतं. फडक्यावर जे काळं असायचं ते तिच्या मनगटाचं होतं. त्यांच्या रागाच्या दिवशी तिचा हात जास्त वेळ चालायचा, आणि वर पुन्हा तीच हसून म्हणायची की तुमची उष्णता निघाली. चौतीस वर्षांत त्यांनी तिला एकदाही विचारलं नाही, की अगं, हात दुखतो का.

आणि तिचे पाय? तिच्या पायांची गोष्ट तर त्याहून वाईट. साखर निघाल्यावर तीनचार वर्षांनी तिच्या तळव्यांची आग सुरू झाली. ती भर दुपारी मोरीत ओल्या फरशीवर उभी राहायची. भांडी घासून झालेली असायची, काम काही नसायचं, नुसती उभी. "काय करायलीस तिथं?" "काही नाही, गार वाटायलंय." ते पुन्हा पेपरात. तेव्हा वाटी घरातच होती, फळीवर, तुपाच्या डब्याशेजारी. एकदा, फक्त एकदा, ते म्हणाले होते, "आण इकडं, मी फिरवतो." ती पटकन पाय लुगड्याखाली घेऊन म्हणाली, "अहो, काहीतरीच काय! नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा असतो का? माझ्या डोक्यावर पाप चढवता का?" खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांना हायसं वाटलं होतं. रीतीनं परस्पर सुटका केली. आपण विचारलं, ती नको म्हणाली, आपला दोष नाही. ही त्यांच्या घरातली शिरस्त्याची गोष्ट, प्रत्येक पुरुषानं अशीच वापरलेली, आणि त्यांनीही वापरली. पुढं वर्षभरानं आग आपोआप थांबली. अंबिकेनं त्या दिवशी गोडाचा शिरा केला. देवापुढं ठेवला, शेजारच्या मनकर्णाबाईंना वाटीभर दिला. "गेली बाई एकदाची आग," म्हणाली. श्रीनिवासरावांनी दोनदा मागून घेतला तो शिरा. आग गेली नव्हती, पायच गेले होते, हे त्या घरात कुणाला ठाऊक! चालताना तिच्या पायातली चप्पल निसटून मागं राहायची आणि ती तशीच चार पावलं पुढं जायची, ते मागून ओरडायचे, "लक्ष कुठं असतं तुझं?"

मग ते निवृत्त झाले, आणि मोबाइलवर तो व्हिडिओ आला. कोट घातलेला एक हसतमुख माणूस, हातात काशाची वाटी, 'आजीबाईच्या बटव्यातला अमृतठेवा', मधुमेह मुळापासून. श्रीनिवासरावांनी तो तीनदा बघितला. रिकामपण होतं, आणि रिकामपणात माणसाला आपण काय काय केलं नाही ते दिसायला लागतं. शनिवार होता. दिवेलागणीला त्यांनी फळीवरून वाटी काढली आणि पाटावर स्वतः बसले. "पाय दे." ती भांबावली. पुन्हा तेच, पाप, रीत, लोक काय म्हणतील. पण या वेळी ते तयारीनं बसले होते. "मी कुठं हात लावतोय? वाटी लागणार, मी नाही. टाचेखाली टॉवेल घेतो. झालं?" अंबिका हसत सुटली. साठीची बाई, तोंडाला पदर लावून लहान पोरीसारखी हसली. मग तिनं स्वतः जाऊन दार लावलं, कुणी यायला नको. ट्यूबलाइट लावू दिली नाही, उजेड बरा नाही दिसत म्हणाली. आणि खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात पाय पुढं केला. चौपदरी टॉवेलात टाच धरून त्यांनी वाटी फिरवली. कातडीला बोट म्हणून लागू दिलं नाही. शब्द दिला होता ना! पुढं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, की तो पाय तेव्हा दगडासारखा गार असणार. हात लावला असता तर कळलं असतं. एक बोट लावलं असतं तरी.

पहिल्याच संध्याकाळी करंगळीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काळं दिसलं. त्यांनी फडक्यानं पुसलं. बाकीचं निघालं, ते निघालं नाही. आणि तेव्हा ते म्हणाले, आनंदानं म्हणाले, "बघ अंबिका, किती उष्णता निघाली तुझी! फडक्याला पण हटत नाही." ती म्हणाली, "इतक्या वर्षांची आहे, निघायला वेळ लागणारच की." दुसऱ्या दिवशी ते जास्त घासलं. चौथ्या दिवशी चिंचोक्याएवढं झालं होतं आणि त्यांना वाटलं, आतली उष्णता खेचून वर यायलीय. त्यांनी त्याच जागी वाटीची कड फिरवली. गुदगुल्या होतात म्हणून ती पाय आखडायची, हसायची. "हळू हो, हसून हसून मरेन." बोलायला लागली की थांबायची नाही. लासूरच्या बाजारात हरवली होती ते, सायकल शिकायची राहून गेली ते, कालिंदीच्या वेळी दिवस गेले तेव्हा तिला माती खावीशी वाटायची ते. चौतीस वर्षांत जे बोलली नाही ते त्या नऊ संध्याकाळी बोलली. बंद दाराच्या आत, अर्ध्या उजेडात, त्या नऊ दिवसांत ते दोघं जेवढे सुखात होते तेवढे आयुष्यात कधी नव्हते. हे कुणाला सांगायचं? ज्या दिवसांत ती सडत होती तेच त्यांच्या संसारातले सगळ्यांत चांगले दिवस होते. आणि पुढं त्या डॉक्टरांनी पायावर सुई टोचून दाखवली. नसा मेल्यात, म्हणाले, वर्षभर तरी झालं असेल, यांना इथं काहीच कळत नाही. श्रीनिवासराव सुईकडं बघत राहिले. मग गुदगुल्या कसल्या होत होत्या? ती कशाला पाय आखडत होती? नवऱ्यानं एवढ्या हौसेनं वाटी हातात घेतलीय, त्याला बरं वाटावं म्हणून.

नवव्या संध्याकाळनंतर तिला हुडहुडी भरून ताप आला. दहाव्या सकाळी दवाखाना. तरुण डॉक्टर, हातात पेन. मोजा काढला आणि त्याचा चेहरा बदलला. "हे कधीपासून आहे?" श्रीनिवासरावांनी जन्मभर आवक-जावक रजिस्टरवर तारखा घातल्या. एकही तारीख कधी चुकली नाही, साहेबांनी दडपण आणलं तरी मागची तारीख टाकली नाही, याचा त्यांना केवढा ताठा! त्या माणसाच्या तोंडून आपोआप आलं, "काल. काल दिसलं." डॉक्टर म्हणाले, एका दिवसात इतकं? काही लागलं होतं का? नवीन चप्पल वगैरे? आणि कोपऱ्यात उभी असलेली कालिंदी पांढरी पडली. "मी आणली होती," ती म्हणाली. "परवा. सँडल. जालन्याच्या लग्नासाठी. आईनं काल घरात घालून बघितली." डॉक्टरांनी मान हलवली, तीच असणार म्हणाले, आणि कागदावर लिहून घेतलं. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी उघडलं नाही. आधी गुडघ्याखालून पाय काढला, मग विष वर चढलं, आणि अठराव्या दिवशी अंबिका गेली. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला कालिंदी स्वतःच सांगत होती, माझ्या सँडलनं गेली हो आई. लोक तिची समजूत घालायचे. श्रीनिवासराव भिंतीला टेकून खाली बघायचे, आणि लोकांना वाटायचं दुःखानं.

दोन वर्षं झाली. कालिंदीनं त्यानंतर स्वतःला नवीन चप्पल घेतली नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, दिसत होतं. आत्ता सोफ्याखाली तिच्या पायांत तीच जुनी जोडी होती, अंगठ्याचा पट्टा दोनदा शिवलेला. चांगली नोकरी करणारी बाई, आणि चांभारासमोर बसून पट्टा शिवून घेते. ती सँडल तिनं टाकलीही नव्हती. कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली होती, जावयांनी एकदा हळूच सांगितलं. रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा. कसे आहात, जेवलात का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, "बाबा, पाय बघितलेत का? आरशात बघितलेत का? बोटांमध्ये?" त्यांनाही थोडी साखर होती. ते हो म्हणायचे. कितीदा तरी हो म्हणून झाल्यावर, आता सांगून टाकू, असं ओठांपर्यंत यायचं. मग ती म्हणायची, "माझ्यामुळं एक गेली बाबा, तुम्हाला काही व्हायला नको," आणि सगळं पुन्हा आत जायचं. सांगितलं तर हिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पण मग जगात आपलं म्हणायला राहिलेलं हे एक माणूसही जाईल. एवढंच गणित होतं, आणि श्रीनिवासराव रोज ते तिच्याविरुद्ध सोडवत होते.

"काय फिरायलं का नाय गं बाई? मला काय कळंना." शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. श्रीनिवासरावांनी डोळे उघडले. नऊवारीतली एक म्हातारी केव्हा येऊन बसली होती. तिचा मुलगा तिला वर सोडून गाडी लावायला खाली गेला होता. आशाबाईनं नाव विचारलं तेव्हा तिनं दगडाबाई सांगितलं, गाव सोयगावकडचं, पोराकडं आलेय म्हणाली. थाळ्या फिरत होत्या, त्यांवर तिचे रुंद, भेगाळलेले पाय होते. "फिरायलंय की मावशी. गार नाय लागत?" "नाय बाई. सुन्न पडलेत. पयले लई आग व्हायची. आता नाय व्हत. बरं झालं, गेली आग." आशाबाईनं तिचा पाय उचलला आणि सवयीनं मोठ्यांदा म्हणाली, "बघा मावशी, किती उष्णता निघाली!" म्हातारी खूश झाली. "व्हय की गं. लई निघाली."

आपण खुर्चीवरून कधी उठलो ते श्रीनिवासरावांना कळलं नाही. तेलकट पायांनी फरशीवर घसरत ते खाली बसले, गुडघ्यांवर, आणि दगडाबाईंचा पाय त्यांनी दोन्ही हातांत घेतला. टॉवेल नाही, काही नाही. उघड्या हातांत. "आवं! आवं दादा, काय करायले? पायाला हात नका लावू, पाप लावता व्हय मला!" म्हातारी पाय ओढायला लागली, पण त्यांनी सोडला नाही. "थांबा," ते म्हणाले. "एकदा बघू द्या." पाय ऊन होता. आधी एवढंच कळलं, पाय ऊन आहे. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि करंगळीखाली पुसलं. काळं रुमालाला आलं. अंगठ्यानं घासलं. प्रत्येक बोटाच्या बेचक्यात रुमालाचं टोक घातलं, टाचेच्या भेगांतून फिरवलं, पुन्हा करंगळीखाली आले. तिथली कातडी उघडी झाली होती. शेतात चाललेल्या बाईची जाड, मातकट, जिवंत कातडी. काळं सगळं निघालं. एक ठिपकाही राहिला नाही. फडक्याला हटलं. तेव्हा श्रीनिवासराव रडायला लागले. भर सेंटरात, आठ खुर्च्यांसमोर, परक्या बाईचा पाय मांडीवर घेऊन तोंड उघडं टाकून रडले. मालक काउंटर सोडून धावत आला, आशाबाईनं त्याला हातानं थांबवलं. बासरी चालूच होती. "दादा," दगडाबाई घाबरून म्हणाल्या, आता पाय ओढत नव्हत्या, "कुणाचं काय झालं व्हय हो?" "दवाखान्यात दाखवा," ते कसंबसं म्हणाले. "आग गेली म्हणता ना. आजच दाखवा. इथं नका येऊ. पोराला सांगा, आजच."

"बाबा, उठा. बाबा, काय करताय?" कालिंदी त्यांच्या दंडाला धरून उठवत होती. त्यांनी वर बघितलं नाही. समोर तिचे पाय होते, त्या शिवलेल्या पट्ट्याचे. त्या पट्ट्याकडं बघत ते म्हणाले, "तुझी सँडल नव्हती गं." तिला कळलं नाही. "काल नाही. मी 'काल दिसलं' म्हणालो ना डॉक्टरांना, ते खोटं. नऊ दिवस होतं. पहिल्या दिवसापासून होतं. मी रोज वाटी फिरवत होतो त्याच्यावर. मला वाटलं उष्णता आहे." दंडावरचा हात होता तिथंच राहिला. दाबलाही नाही, काढलाही नाही. मग वरून आवाज आला, अगदी साधा, पत्ता विचारल्यासारखा. "आईला माहीत होतं?" "नाही. ती हसत होती. गुदगुल्या होतात म्हणायची." तेवढं ऐकल्यावर हात निघून गेला. त्यांनी मान वर केली तेव्हा ती दारातून बाहेर पडत होती.

आशाबाईनं त्यांचे पाय पुसून दिले. गरम पाण्यात फडकं पिळून हातानंच पुसले, बाळाचे पुसावेत तसे, बोट अन् बोट. ते चप्पल घालून जिना उतरले. त्यांना वाटलं होतं, खाली स्कूटी नसेल. स्कूटी होती. कालिंदी शेवटच्या पायरीवर बसली होती, रस्त्याकडं तोंड करून. रिक्षा जात होत्या, समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घुंगरं वाजवत होतं. ते तिच्या मागं दोन पायऱ्या सोडून उभे राहिले. "दोन वर्षं, बाबा," ती वळून न बघता म्हणाली. "मी रोज सकाळी उठले की पहिलं तेच आठवायचं. दुकानात आईचा नंबर सहा का सात, मला आठवेना, मी सहा घेतला. दोन वर्षं मी म्हणते, सात घेतला असता तर." त्यांना म्हणायचं होतं, सहाच बरोबर होता, तिच्या पायाला नीट बसली होती, ती आरशासमोर जाऊन बघून आली होती. आणि त्यांना हेही कळत होतं, की आता क्षमा मागणं म्हणजे तिच्याकडून आणखी एक गोष्ट घेणं. ते तसेच उभे राहिले.

मग ती उठली. "बसा," म्हणाली. त्यांना वाटलं, स्कूटीवर. ती म्हणाली, "इथं बसा. पायरीवर." ते बसले. ती त्यांच्यासमोर रस्त्यावरच उकिडवी बसली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेत, आणि त्यांच्या उजव्या पायातली चप्पल तिनं काढून बाजूला ठेवली. पाय हातात घेतला. अंगठ्यावर तिनं आपलं बोट दाबलं. "कळतंय?" डोळे कोरडे होते तिचे, लाल आणि कोरडे. "कळतंय," ते म्हणाले. तिनं दुसरं बोट दाबलं. "इथं?" "कळतंय." तिसरं. चौथं. दर वेळी ती जास्त जोरानं दाबत होती. करंगळीशी आली तेव्हा तिनं खाली, आईच्या पायावर जिथं ते काळं होतं त्या जागी, अंगठ्याचं नख रुतवलं. पायातून कळ मस्तकापर्यंत गेली. "कळतंय, बाळा," ते म्हणाले. "कळतंय." तिनं सोडलं नाही. आणि श्रीनिवासरावांनीही पाय ओढून घेतला नाही.